बादलीवरचा सामना

हे कुणाला खरं वाटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. अमेरिकेतला बेसबॉलचा एक सामना मी जिंकून दिलेला आहे. बॅटला हात लावला नाही, चेंडू डोळ्यांनी पाहिला नाही. पालथ्या बादलीवर बसून जिंकून दिला. माझं नाव हरिश्चंद्र चोगले. आईबापांनी असलं नाव ठेवल्यावर खोटं बोलायची सोयच राहिली नाही.

परवा संध्याकाळी ही हकिकत मी सुदेशला सांगायला घेतली. सुदेश म्हणजे शेजारच्या पावश्यांचा थोरला, एसटीत कंडक्टर, आणि सुटीच्या दिवशी आमच्या हर्णैच्या संघाचा पहिला गोलंदाज. आदल्या दिवशी त्यानं सुरुवातीलाच समोरच्यांचे तिघे उडवले होते, तरी कप्तानानं त्याला बाजूला काढून आपल्या मेव्हण्याच्या हातात चेंडू दिला आणि सामना घालवला. तेव्हापासून पोरगा तोंड पाडून आमच्या पडवीत बसला होता. आमची बायको द्वारका उंबऱ्यात सूप घेऊन सुकट निवडत होती. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे, की मी अडखळलो तर ती मान वर न करता पुढचा शब्द देते.

म्हटलं, सुदेश, पहिल्या गोलंदाजाला शेवटपर्यंत ठेवला तर काय होतं, ते ऐक.

तेव्हा मी 'सोनसागर' नावाच्या मालजहाजावर भटारखान्यात होतो. जहाज अमेरिकेच्या एका बंदराला लागलेलं. शहराचं नाव विचारू नका. खलाशाला शहराचं नाव ठाऊक नसतं, धक्क्याचा नंबर ठाऊक असतो. माल चढवून झाला होता आणि त्याच संध्याकाळी जहाज मुंबईला निघणार होतं. इकडे हर्णैला माझं लग्न ठरलेलं. जहाज वेळेवर निघालं तर मुहूर्ताच्या चार दिवस आधी मी गोदीत उतरणार. जहाज चुकलं तर मुहूर्त चुकला, इतकी साधी गोष्ट.

आमचे सारंग इस्माईलचाचा. डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम, माणूस बापासारखा. दुपारी मी हिंडायला निघालो तेव्हा ते म्हणाले, "हरी, तीन भोंगे होतील. पहिल्याला निघ. दुसऱ्याला पळ. तिसरा झाला, तर मग लग्न इथंच कर."

गोदामांच्या पाठीमागे बेसबॉलचं मैदान होतं. एजंटाच्या कारकुनानं त्या सामन्याचं फुकटचं तिकीट मला दिलेलं. दोन्ही संघ पगारी खेळाडूंचे, लोक कामधंदा सोडून आलेले. बंदराच्या संघाचं नाव खेकडे. टोपीवर खेकडा काढलेला पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. समोरचे होते डोंगराकडचे, त्यांचं नाव खेचरं. मी शेंगांची पुडी घेतली, नारिंगी सरबताचे दोन मोठे पेले प्यालो, आणि सामना सुरू व्हायच्या आत मला जी गरज लागली ती मुतारीची.

मुतारी शोधत मी चुकीच्या दारातून आत शिरलो. अंधारं बोळ होतं. बोळाच्या टोकाला चार पायऱ्या खाली उतरलो, तर थेट खेकड्यांच्या संघात. बेसबॉलचे खेळाडू जमिनीत अर्ध्या गाडलेल्या खड्ड्यात बसतात. वर छप्पर, खाली लांब बाकडं, समोर मैदान. तिथला हॉब नावाचा म्हातारा प्रशिक्षक माझ्यावर धावून आला. एका गालात तंबाखूचा हा एवढा गोळा. माझं इंग्रजी जहाजावरचं. मी त्याला माझी अडचण सांगितली. त्याला वाटलं हा कुणी गरीब कुठून तरी नोकरी मागायला आलाय. सामना चालू झाला होता, भांडायला त्याला वेळ नव्हता. त्यानं कोपऱ्यातल्या पालथ्या बादलीकडे बोट केलं.

मी बसलो. बुटात खडा गेला होता म्हणून डावा बूट काढून हातात घेतला. तोंडात एक शेंग टाकली. आणि परक्यांच्या घरात लाजेनं बसावं तसा, मैदानाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

आता इथं खेळ समजून घ्या. आपल्याकडे गोलंदाज, त्यांच्याकडे पिचर. फलंदाज तीनदा चुकला की बाद, तिघे बाद झाले की डाव बदलला, असे दोघांचे नऊ-नऊ डाव. धावायला मैदानात गाद्या मांडलेल्या, त्या ओलांडून फलंदाज परत मूळ जागी, म्हणजे घरी, पोचला की एक धाव. पिचरनं चार चेंडू भलतीकडे टाकले तर फलंदाज फुकटात पहिल्या गादीवर चालत जातो. खेकड्यांचा पिचर होता ओटिस. ताडासारखा उंच, पोरसवदा, आणि त्या मोसमात आपटी खाल्लेला. मी आलो तेव्हा त्यानं दोघांना फुकट चालवलं होतं आणि हॉब त्याला काढायला उठला होता.

मी बादलीवर टेकलो आणि पाठीमागून आवाज आला. धप्प. चेंडू फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात. पुन्हा धप्प. फलंदाज गेला. दुसरा गेला, तिसराही गेला. हॉब वर चढवलेला पाय तसाच ठेवून उभा राहिला. मग हळूच वळला आणि माझ्याकडे बघायला लागला. माझा बूट, माझी पाठ, दातांतली शेंग, सगळं त्यानं नीट पाहून घेतलं.

डाव संपला म्हणून मी उठायला लागलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात कसला, नांगर होता.

"तू हलायचं नाहीस," तो म्हणाला.

मला नवल वाटलं नाही. आपल्याकडे काय वेगळं असतं. रेडिओवर सामना ऐकताना आमच्या काकांनी एक पाय खुर्चीवर ठेवला आणि चौकार गेला, तर काकांना संध्याकाळपर्यंत तो पाय खाली घेऊ देत नसत. पण काका घरात होते, आणि त्यांच्या पोटात दोन पेले नारिंगी सरबत नव्हतं.

सुदेश इथं पहिल्यांदा हसला. मी पुढे निघालो.

दुसरा डाव, तिसरा डाव. खेचरांपैकी एकालाही चेंडू मारून पहिली गादी गाठता येईना. बेसबॉलमध्ये अख्खा सामना असा काढणं म्हणजे पिचरचं सोनं होतं. पण त्यांच्यात एक पक्की रीत आहे. हे चाललं असताना कुणी त्याचं नाव काढायचं नाही. पिचरशी बोलायचं नाही. जो जसा आहे त्यानं तसंच राहायचं. पाचव्या डावापर्यंत तो खड्डा म्हणजे पुतळ्यांची वखार झाली. एकजण बुटाची नाडी बांधायला वाकला होता तो वाकलेलाच. एकानं पाण्याचा पेला ओठाला लावला होता, पाणी आत जाईना की बाहेर येईना. हॉबला तर तंबाखू थुंकायची चोरी झाली. त्याचा गाल सुजल्यासारखा दिसत होता.

आणि मी भिंतीकडे तोंड करून. भिंत हिरवट होती, चुन्याचे पोपडे सुटलेले. एका पोपड्याचा आकार बोकडासारखा होता, एक कान नसलेला बोकड. दुसरं बघायलाच काही नव्हतं. बघता बघता तो कधी हसल्यासारखा वाटे, कधी मान फिरवल्यासारखा. पाय मुंग्यांनी भरले. हातातला बूट जड झाला. कुणी येऊन 'ऊठ' म्हणेल म्हणून कान दारापाशी, आणि दारातून कुणी येत नव्हतं. ती भिंत, तो बोकड आणि मी.

"आबा, एक विचारू?" सुदेश म्हणाला. "तुमची पाठ मैदानाकडे. मग तुम्हाला दिसलं कसं?"

असले कंडक्टर लोक. तिकीट बघितल्याशिवाय सोडत नाहीत.

म्हटलं, दिसलं कुठं, ऐकलं. ओटिसचा वेगाचा चेंडू मोज्यात पडला की नारळ फुटल्यासारखा आवाज यायचा. वळणारा असला की ओल्या कापडासारखा. आणि फलंदाज चुकला की हजारो माणसं एकदम श्वास सोडायची, तो वारा माझ्या मानेवर लागायचा. आंधळ्याला समुद्र कळतो की नाही? तसं मला कळत होतं. सुदेशनं मान हलवली. पटलं म्हणून की गंमत म्हणून, ते मी विचारलं नाही.

सहाव्या डावात पहिला भोंगा झाला.

'सोनसागर'चा भोंगा मी हजारात ओळखीन. घसा बसलेल्या रेड्यासारखा. मी हॉबकडे मान न वळवता म्हटलं, माझं जहाज निघतंय. तो म्हणाला, निघू दे. मी म्हटलं, माझं लग्न आहे. तो म्हणाला, माझी तीन झाली, घाई करू नकोस.

खेकड्यांची फलंदाजी आली. ओटिस खड्ड्यात येऊन बसला. रीतीप्रमाणे त्याच्या शेजारून सगळे सरकले. बाकड्याच्या टोकाला तो एकटा, आणि शेजारी बादलीवर मी. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, तसं माझ्याशीही. दोघंही अडकलेले. त्याच्यासाठी हा सामनाही लग्नाइतकाच मोठा होता. आजचा सामना हरला असता तर संघ त्याला गावी परत पाठवणार होता, बापाची डुकरं राखायला. हे त्यानंच मला सांगितलं, कुजबुजत, भिंतीकडे बघत. त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि परक्या माणसाशी बोललं तर रीत मोडत नाही असं त्यानं मनाशी ठरवलं असावं.

"तो भोंगा तुझ्या जहाजाचा?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग ऊठ. हॉबचं मी बघतो."

"आणि तुझं?"

"मला हरायची सवय आहे."

मी उठलो नाही. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मुलगी कशी आहे?"

"एकदाच पाहिली. चहा द्यायला आली होती. मान खाली होती, मी हात तेवढे पाहिले."

"घाबरलायस?"

मी बोकडाकडे बघितलं. दातांत शेंग होती.

इथं पडवीत सुपाचा आवाज थांबल्यासारखा मला वाटला. पण गोष्ट भरात आली की मी मागं बघत नाही.

समोरच्यांचा पिचरही काही कमी नव्हता. सात डाव झाले, दोन्हीकडे भोपळे. आठव्यात मात्र खेकड्यांच्या एका ठेंगण्या खेळाडूनं चेंडूला नुसता टेकू दिला आणि धावत सुटला. पुढच्यानं त्याला दुसऱ्या गादीवर ढकलला, त्याच्या पुढच्यानं लांब टोला दिला, आणि ठेंगू घरी पोचला. एक धाव. त्या एका धावेवर आता ओटिसनं शेवटचा डाव काढायचा होता.

तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. दुसऱ्याला पळायचं, असं चाचांनी सांगितलं होतं. मी बादलीवर बसून मनातल्या मनात पळालो. गोदामं ओलांडली, रुळ ओलांडले, शिडीपर्यंत पोचलो. डोळे उघडले तर समोर बोकड.

नववा डाव. ओटिसनं पहिल्याला तीन चेंडूंत घालवला. दुसरा बराच वेळ चिवटपणे उभा राहिला, तोही गेला. आता एकच उरला. मैदानात इतकी शांतता की हॉबच्या गालातली तंबाखू मला ऐकू येत होती.

आणि तिसरा भोंगा झाला. लांब, रडका, थांबायचं नाव नाही.

बूट हातात, मी उठलो. पुरता नाही, वीतभर. त्याच क्षणी मागे टणकन् आवाज झाला. चेंडू बॅटवर बसला होता, नीट, मधोमध. हजारो माणसं ओरडली. चेंडू उंच गेला, थेट मैदानाच्या कुंपणाकडे. हॉबनं माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं हात लावला नाही.

मी खाली बसलो.

मी वीतभर उठलो तेवढा चेंडू वर गेला होता. मी बसलो तसा तो खाली आला. कुंपणाला पाठ लावून उभ्या असलेल्या खेळाडूच्या मोज्यात अलगद. सामना संपला. खेचरांना एकदाही धड टोला मारून पहिली गादी गाठता आली नव्हती.

मग पुतळे हलले. पेल्यातलं पाणी घशात गेलं, वाकलेला सरळ झाला, हॉब एकदाचा थुंकला. त्यांनी ओटिसला खांद्यावर घेतला आणि मला बादलीसकट उचलला. मी ओरडत होतो, आधी मुतारी दाखवा. धक्क्यावर पोचलो तेव्हा 'सोनसागर' पाण्याच्या मध्यावर होतं. वर कठड्याशी इस्माईलचाचा माझा भाताचा डाव हलवत उभे होते.

पुढचं काय सांगायचं. दुसऱ्या जहाजावर भांडी घासत आलो. मुहूर्त टळून आठवडा झाल्यावर हर्णैला पोचलो. मांडवाची झावळं वाळून गेली होती. सासरे बोलायला तयार नव्हते. त्या मांडवात उभं राहून मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, तेव्हा कुठं ते हसले आणि भटजींना बोलावणं धाडलं.

सुदेश खूश झाला होता. पडलेलं तोंड वर आलं होतं. मला वाटतं मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माणूस खूश झाला की मला राहवत नाही. मी म्हटलं, "सुदेश, गोलंदाज कुणीही होईल. पण दुसऱ्याच्या जिंकण्यासाठी असा अडकून, भिंतीकडे तोंड करून, न हलता बसलेला माणूस जगात माझ्याशिवाय दुसरा नसेल."

द्वारकेनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"जहाज चुकलं नव्हतं तुमचं," ती म्हणाली.

सुदेश वळला. मीही वळलो.

"सोनसागर ठरल्या दिवशी मुंबईला लागलं. आमचा शांतारामदादा तेव्हा गोदीत कामाला होता. तुम्ही ट्रंक खांद्यावर घेऊन उतरलात, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं. माझगावला गाववाल्यांच्या खोलीत जाऊन राहिलात. मुहूर्त टळला तरी बाहेर पडला नाहीत. दादानं मला एकटीला सांगितलं. बाबांच्या कानावर गेलं असतं तर संपलंच होतं."

म्हटलं, "अगं, तो दुसराच कुणी असेल."

"ट्रंकेवर नाव होतं. हरिश्चंद्र."

सुदेशनं तोंडावर हात धरला. ती त्याच्याशीच बोलायला लागली, शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तशी.

"माझा चुडा भरून झाला होता रे. चुडा भरलेल्या मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही. विहिरीवर जायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही. काकण वाढलं तर अपशकुन. आठवडाभर मी आमच्या माजघरात हात जपत बसले, भिंतीकडे तोंड करून, कारण दारातून आलेगेले बघून जायचे. हिरवट भिंत होती. पोपडा सुटलेला. बिनकानाचा बोकड." तिनं माझ्याकडे पाहिलं. "लग्नानंतर मीच सांगितला होता तुम्हाला."

मी पान लावायला घेतलं. चुना सापडेना.

"बाबांनी तोवर आंजर्ल्याचं दुसरं स्थळ आणलं. पोरगा बाहेर पडवीत येऊन बसला होता. बाबा म्हणाले, ऊठ, याच चुड्यानं बोहल्यावर उभी राहा." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि सुकटीतली एक काडी वेचून बाजूला टाकली. "तेव्हा मी वीतभर जरी उठले असते ना, तर तुमचा सामना तिथंच गेला असता."